आगमन-दोनची पिशवी

१

साकोलीच्या अलीकडे, हायवेला लागून, एका बंद पडलेल्या राईस मिलचं गोदाम आहे. तिथे रोज सकाळी विमानतळाचा कचरा येतो. आकाशातून येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांचे चहाचे कागदी कप, अर्ध्या प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या, बॅगांना चिकटवलेल्या पट्ट्या, खाऊचे खोके, असं सगळं शंभर किलोमीटरचा प्रवास करून ट्रकमधून इथे उतरतं आणि अठरा बाया ते निवडतात. बाटली वेगळी, झाकण वेगळं, लेबल वेगळं. बाटलीत उरलेलं पाणीसुद्धा फेकायचं नाही. ते ड्रममध्ये ओतायचं आणि त्यावर हातपाय, जेवणाचे डबे धुवायचे. वाया काही जाऊ द्यायचं नाही, हा या कचरा-निवड केंद्राचा नियम. बायांनी तो इतका मनावर घेतला होता की मागच्या वर्षी विमानतळवाल्यांनी मोठमोठे पाहुणे आणून त्यांच्याकडून बायांसाठी टाळ्या वाजवून घेतल्या होत्या.

दुसरा नियम आगीचा. कागद आणि प्लॅस्टिकचं गोदाम, त्यामुळे आवारात बिडी नाही, चूल नाही, उदबत्तीसुद्धा नाही. चहा बाहेरच्या टपरीवरून यायचा. फाटकावर मुकादम श्यामराव स्वतः प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशातली काडीपेटी काढून घेत.

श्यामराव तीस वर्षं पोलिसात होते, जमादार म्हणून निवृत्त झाले. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यांना तिकडे जायची संधी होती, पण त्यांनी भंडारा सोडला नाही. चोर इकडेच जास्त आहेत, असं ते हसून सांगत. आपल्याला माणूस बघितल्याबरोबर कळतो, असा त्यांचा समज होता आणि तो मोडायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती.

बुधवारी सकाळी शहरातून, केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या साहेबांचा फोन आला. रविवारी संध्याकाळी आगमनाच्या दालनात एका म्हाताऱ्या प्रवाशाचं लाल गाठोडं कचऱ्यात गेलं होतं. सफाईवाल्यानं ते काळ्या पिशवीत टाकलेलं कॅमेऱ्यात दिसत होतं. पिशवीवर चिठ्ठी होती 'आगमन-दोन'. ती पिशवी सोमवारी साकोलीला उतरली होती.

"गाठोड्यात बायकोचे दागिने होते म्हणतो तो," साहेब म्हणाले. "शनिवारपर्यंत दागिने समोर ठेवा. नाहीतर अठराच्या अठरा बाया घरी. मी दुसरीकडून माणसं आणतो."

"शनिवार कायले, साहेब?" श्यामराव म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत देतो."

त्यांनी वही उघडली. सोमवारी आगमन-दोनची पिशवी बेबीबाईच्या टेबलावर गेली होती. झालं! पुढचं काही विचारायची त्यांना गरजच वाटली नाही. बेबीबाईचा बाप भंगारवाला. तांब्याच्या तारेच्या भानगडीत वीस वर्षांपूर्वी श्यामरावांनीच त्याला हायवेवर धरला होता. तार त्यानं चोरलेली नव्हतीच, हे पुढे कोर्टात सिद्ध झालं होतं, पण तेवढं श्यामरावांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

दुपारी बाराच्या उन्हात कंपनीची जीप बेबीबाईला मागे बसवून तिच्या आळीत शिरली. श्यामरावांनी तिची पेटी उघडली, गादी उसवली, तांदळाची टाकी अंगणात पालथी केली. पोलिसात असताना निदान कागद दाखवावा लागे. इथे तोही नव्हता. आजूबाजूच्या दारांत माणसं जमली. टाकीतून तांदळाशिवाय काही निघालं नाही. श्यामराव रिकाम्या टाकीत हात घालून पुन्हा पुन्हा तळ चाचपत राहिले.

बेबीबाई पदर डोक्यावर घेऊन भिंतीशी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आता राहू द्या जी. तांदूळ भरीन मी."

२

श्यामराव परत आले तेव्हा फाटकावर तो प्रवासी बसलेला होता. मधुकरराव नाव. सत्तरीचा, वाळलेला, धोतर-सदऱ्यातला माणूस. गोसीखुर्दच्या धरणात गाव गेलेलं, आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहत होता. मुलगा बंगलोरला नोकरीला. त्याच्याकडे चार महिने राहून जन्मात पहिल्यांदा विमानात बसून तो परतला होता. भर उन्हात त्यानं कानावरून टोपी ओढली होती आणि घाम निथळत असूनही ती काढत नव्हता.

"मिळालं का जी?" त्यानं विचारलं.

"मिळेल. बसा सावलीत. दागिने कोणते होते?"

"पोत होती. सोन्याची."

"अजून?"

"गोफ."

"सकाळी साहेबाले तुम्ही बांगड्या सांगतल्या."

मधुकरराव जमिनीकडे बघत राहिला. "असतील. बांगड्याही असतील."

बायकांचे दागिने नवऱ्यांना पाठ नसतात, हे श्यामरावांना स्वतःच्या घरावरून माहीत होतं. त्यांनी ते सोडून दिलं. "पोलिसात रिपोर्ट दिली का?"

"नाही. पोलिसाइचं काम नाही हे."

"सोनं गेलं अन् पोलिसाचं काम नाही?" श्यामरावांना त्यांच्या जुन्या खात्याचा अपमान झाल्यासारखा वाटला. "बरं, घरी बाई काय म्हणते? रागावली असन."

"ते काहीच म्हणत नाही," मधुकरराव म्हणाला.

मग जरा वेळानं त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, तो डबा कोणी उघडला तर नसन ना?"

"डबा?"

"गाठोड्यात डबा होता. लहानसा."

श्यामरावांना हसू आलं. चोरानं दागिन्यांचा डबा उघडायचा नाही तर काय त्याला नमस्कार करून ठेवायचा?  म्हाताऱ्यासाठी त्यांनी टपरीवरून चहा मागवला. त्यानं कप हातात घेतला, पण बायांनी निवडून रचलेल्या कागदी कपांच्या उंच थप्प्यांकडे बघत तो इतका वेळ बसला की चहा गार झाला.

३

गुरुवारी श्यामरावांनी चौकशीला खुर्ची मांडली.

पहिली आली खुशबू. तिच्या नाकात नवी कोरी सोन्याची चमकी होती, आणि ती श्यामरावांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"हे कवा घेतली?"

"सोमवारी, काकाजी."

"सोमवारीच बरी घेतली!"

खुशबू रडायलाच लागली. तिचं पुढच्या महिन्यात लग्न होतं. आपल्या पगारातून आपण घेतलेली पहिली वस्तू म्हणून ती पोरगी ती चमकी मिरवत होती. तिनं पिशवीतून सराफाची पावती काढली, चार घड्या घातलेली. पावती सोमवारी सकाळी दहाची, कामावर यायच्या आधीची होती आणि आगमन-दोनची पिशवी उघडली गेली साडेअकराला. श्यामरावांनी पावती परत केली. खुशबूनं निघताना चमकी काढून रुमालात बांधली आणि मग ती काही पुन्हा नाकात दिसली नाही.

श्यामरावांना आतून कुठेतरी टोचलं. पण तपास म्हणजे तपास, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

दुसरा धनीराम, ट्रकचा ड्रायव्हर. श्यामराव त्याला भेटायला ट्रकपाशीच गेले. कॅबिनमध्ये देवीचा फोटो, लिंबू-मिरची, आरशाला गुंडाळलेलं लाल फडकं, सगळ्या ट्रकांत असतं तसं. धनीराम बोलका गडी. त्या दिवशी मात्र तो शब्द मोजून बोलत होता.

"रस्त्यात पिशव्या कोणी उघडल्या?"

"छे जी! पिशवी उघडली का ड्रायव्हरची नोकरी गेली. माहीत नाही का मले?"

"मग सोनं गेलं कुठं?"

"सोनंबिनं काही नव्हतं जी त्याच्यात," धनीराम म्हणाला, आणि लगेच घाईघाईनं पुढे बोलला, "म्हणजे, कचऱ्यात कुठून येते सोनं? मी आपलं म्हणून राहिलो."

श्यामरावांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. धनीराम चाकांत हवा बघायला खाली वाकला. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

बेबीबाईला त्यांनी शेवटी ठेवलं होतं. ती खुर्चीसमोर उभी राहिली. विचारलं तेवढ्याची उत्तरं दिली.

"पिशवी तूच उघडली?"

"हो."

"लाल गाठोडं?"

"नव्हतं. पिशवीची गाठ पहिलेच सुटली होती. मी तसं वहीत लिहून ठेवलं."

श्यामरावांनी वही पाहिली. खरंच लिहिलेलं होतं, वाकड्यातिकड्या अक्षरात: गाठ सुटी. बुधवारी सकाळी त्यांनी फक्त नाव वाचलं होतं. पुढचे दोन शब्द वाचायला क्षणसुद्धा लागला नसता. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मग तू काल हे बोलली काहून नाही?"

"तुम्ही विचारलं नाही," बेबीबाई म्हणाली.

४

एरवी दुपारी श्यामरावांचा जेवणाचा डबा बेबीबाईच घासायची. कोणी सांगितलं नव्हतं. अठरा डबे घासताना एकोणिसावा घासायला काय जातं, म्हणून ती घासायची. त्या दिवशी डबा खरकटा तसाच टेबलावर राहिला.

श्यामराव तो घेऊन नळावर गेले. बाया आपापले डबे घासून उठत होत्या. त्यांना पाहून सगळ्या गप्प झाल्या, एकीनं सरकून जागा दिली. सिमेंटच्या ओट्यावर नारळाच्या शेंड्या पडल्या होत्या, शेजारी एका लहान स्टीलच्या डब्यात राख होती, तळाशी गेलेली. त्याच्या झाकणावर कोणीतरी साबणाची वडी ठेवली होती. श्यामराव उकिडवे बसले. साठी उलटलेल्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा डबा घासायला घेतला होता, त्यामुळे त्यांनी राख जरा जास्तच घेतली. बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. कोळशाचा खडा असेल म्हणून त्यांनी तो नालीत टाकला. डबा मात्र चांगला निघाला.

संध्याकाळी घरी त्यांच्या बायकोनं, ललिताबाईनं, पिशवीतून तो डबा काढला आणि खिडकीशी नेऊन बघितला.

"सोमवारपासून मी पाहून राहिली," ती म्हणाली. "डबा कसा चकचक करते! राखेनं घासता का तिथं?"

"हो. होती तिथं."

"पावडरनं अशी चमक येत नाही. आता कुठं भेटते जी राख? घरोघरी गॅस आले. पलीकडची बाई भांडे घासाले राख मागून राहिली, म्हटलं कुठून देऊ?" तिनं डबा फळीवर उपडा घातला. "तुमच्या तिथं तर तुम्ही काडी पेटू देत नाही. मग राख कुठली?"

श्यामराव पायातले मोजे काढत होते. एक मोजा हातातच राहिला.

आवारात तीन वर्षांत चूल पेटली नव्हती. उदबत्ती नाही, बिडी नाही. आणि नळावर मऊसूत, चाळल्यासारखी राख. सोमवारपासून. एकामागून एक गोष्टी त्यांच्या मनात येऊन बसू लागल्या. उन्हात टोपी न काढणारा म्हातारा. पोलिसाचं काम नाही म्हणणारा. काहीच न बोलणारी बायको. आणि ते सगळ्यात विचित्र: सोनं गेलेला माणूस डबा मिळाला का, हे एकदा विचारतो, पण डबा कोणी उघडला तर नाही ना, याचीच त्याला जास्त काळजी.

"काय झालं?" ललिताबाईनं विचारलं.

श्यामराव उठले. मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले. मग पुन्हा धुतले. ललिताबाई दारात उभी राहून बघत होती आणि ते हात धूतच होते.

५

शुक्रवारी बाया यायच्या आधी श्यामराव नळावर पोचले. स्टीलचा डबा होता तिथेच होता. तळाला ओंजळभरही राख उरली नव्हती. त्यात दोन-तीन पांढरे, हलके तुकडे होते. नोकरीत असताना बेवारस प्रेतांना अग्नी द्यायला ते कितीदा तरी उभे राहिले होते. ते तुकडे कसले, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

त्यांनी साबणाची वडी बाजूला करून झाकण उलटं केलं. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर कोरतात तसं नाव कोरलेलं होतं. अक्षरं झिजली होती, पण वाचता येत होती. सौ. गोदावरी.

ट्रक आला. श्यामराव कॅबिनपाशी गेले आणि आरशाकडे बोट दाखवून म्हणाले, "धनीराम, ते फडकं सोड."

धनीरामनं एकदा त्यांच्याकडे, एकदा फडक्याकडे पाहिलं. मग त्याचा सगळा धीर सुटला. "मायची आन, जमादारसाहेब, सोनं नव्हतं! पिशव्या भरताना त्या पिशवीची गाठ सुटली. लाल गाठोडं बाहेर आलं. मी सोडून पाह्यलं, तर आत डबा अन् डब्यात राख. म्हटलं, कोणी बाईनं भांडे घासाले ठेवली असन अन् भुलली असन. इथल्या बाया राख-राख करत राह्यतेत. कायले वाया घालवा? म्हणून नळावर नेऊन ठेवली. फडकं चांगलं होतं, म्हणून मी घेतलं."

"मग बोलला काहून नाही?"

"तुम्ही सोनं-सोनं करून राहिले ना! मी गाठोडं पाह्यलं म्हणलं असतं, तर सोनं माझ्याच गळ्यात आलं असतं."

 श्यामरावांनी बेबीबाईच्या घरी काय केलं, हे सगळ्या साकोलीला माहीत होतं. ते पाहून कोण खरं बोलायला पुढे येणार होतं?

मधुकरराव फाटकावर येऊन बसलाच होता. श्यामराव त्याच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.

"मधुकरराव, टोपी काढा."

म्हाताऱ्यानं हळूच टोपी काढली. डोकं भादरलेलं होतं, त्यावर नुकते पांढरे खुंट उगवत होते.

"मंडळीचं नाव गोदावरी होतं?"

मधुकररावानं मान हलवली आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. बंगलोरला पोराच्या घरी गोदावरीबाई दोन दिवसांच्या तापानं गेली होती. तिचं म्हणणं एकच होतं, की मला आपल्या गावावर सोडा. गाव तर धरणाच्या पाण्याखाली. म्हणून अस्थी तिकडच्या नदीत सोडून थोडी राख तो तिच्याच डब्यात घेऊन निघाला होता. त्या पाण्यात, जिथे त्यांचं अंगण होतं त्या ठिकाणी, डोंग्यानं जाऊन सोडायची होती.

"मग विसरलात कशी?" श्यामरावांनी विचारलं.

"विसरलो नाही जी. खाली ठेवली नाही, तेच चुकलं. राख का कोणी जमिनीवर ठेवते? पट्ट्यावरून बॅग फिरत आली. दोन्ही हातानं उचला लागत होती. बाजूले एक स्टीलचं, चकचकीत, टेबलासारखं उभं होतं. त्याच्यावर ठेवलं. ते कचऱ्याचं होय, हे मले काय माहीत? आपल्याकडं कचऱ्याची पेटी अशी राह्यते का?" त्यानं टोपीनं डोळे पुसले. "बॅग उचलली अन् गर्दीनं मले बाहेर काढलं. भंडाऱ्याले बसमध्ये हात मोकळा पाह्यला, तवा समजलं."

"अन् दागिने कायले सांगतले?"

मधुकररावानं टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "राख हरपली म्हणलं असतं, तर कोणी शोधली असती का साहेब? सोनं म्हणलं, तर तुम्ही सगळे लागले."

खरं होतं ते. सगळे लागले होते.

बाया एव्हाना आल्या होत्या आणि काहीतरी घडतंय हे कळून नळाशी गोळा झाल्या होत्या. श्यामरावांनी मधुकररावाला तिथवर हाताला धरून नेलं. सांगायचं त्यांनाच होतं. तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ गुन्हे उलगडून दाखवले होते आणि प्रत्येक वेळी आवाज चढत गेला होता. आज तो उतरत उतरत गेला. आवारात आग नाही, तरी राख होती. फडकं देवीचं नव्हतं. सोनं कधी नव्हतंच. डबा कोणी लपवला नव्हता, तो पाच दिवस सगळ्यांच्या समोर होता. कोणी काही चोरलं नाही. धनीरामला वाटलं राख वाया जाऊ नये. बायांना वाटलं कोणीतरी आपल्यासाठी आणली आहे. एकमेकींना कोणी विचारलं नाही.

"त्या राखेनं..." एवढं म्हणून ते थांबले.

पुढचं सांगावं लागलं नाही. खुशबूनं तोंडावर हात दाबला. बायांनी सकाळी आणलेले जेवणाचे डबे अजून काखेत होते, उन्हात लखलखत. एकीनं आपला डबा पदराखाली घेतला. मग दुसरीनं. बघता बघता सगळ्यांनी घेतले. कोणाची नजर वर होत नव्हती.

"मीही घासला," श्यामराव म्हणाले. "काल. सगळ्यात जास्त मीच घेतली."

मधुकररावानं डबा हातात घेतला. झाकणावरच्या नावावरून अंगठा फिरवला. बाया त्याच्याकडे बघत होत्या, आता हा शिव्या देईल म्हणून वाट पाहत.

"गाव बुडाल्यावर पंधरा वर्षं तिनं लोकाइच्या घरची भांडेच घासली," तो म्हणाला. "वाटलं होतं, आता तरी सुटली."

बेबीबाई पुढे आली. तिनं धनीरामच्या हातातून लाल फडकं घेतलं, ड्रमच्या पाण्यानं न धुता फाटकाबाहेरच्या हातपंपावर नेऊन धुतलं, आणि ओलंच आणून म्हाताऱ्याच्या डब्याला बांधलं. गाठ दोनदा मारली. नंतर तिनं वाकून डब्याला नमस्कार केला. तिच्यामागून सगळ्या बायांनी केला.

"हे माझंच पाप होय बाई," मधुकरराव तिला म्हणाला. "मी खोटं बोललो अन् झडती तुमच्या घरची झाली. फाटकावर ऐकलं मी. तरी चूप राहिलो."

बेबीबाईनं ओले हात पदराला पुसले. धनीरामनं म्हाताऱ्याला ट्रकमध्ये बसवून बसस्टँडला सोडलं.

श्यामरावांनी साहेबांना फोन लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे चोरी झालीच नाही? मग राहू द्या बाया. विषय संपला," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

६

विषय संपला नव्हता. शुक्रवारी दुपारी श्यामरावांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

सुट्टी झाल्यावर त्यांनी बाया जाऊ दिल्या नाहीत. फाटकाशी सगळ्यांना उभं करून घसा खाकरला. तीस वर्षांत त्यांनी कोणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे शब्द कुठून सुरू करतात हेच त्यांना माहीत नव्हतं. खुशबूकडे बघून ते म्हणाले, "पोरी, चमकी घाल. तुझ्या कमाईची होय." मग ते बेबीबाईकडे वळले. "बेबीबाई, मी तुमच्या..."

पहिल्यांदाच त्यांनी तिला तुम्ही म्हटलं होतं. बेबीबाईनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"इथं कायले सांगता, जमादारसाहेब? मी कशी हाये, हे या बायाइले माहीत हाये. तुम्ही आले होते माझ्या आळीत. दिवसाढवळ्या. माझा पोरगा शाळेतून आला, तर पोराइनं त्याले विचारलं, तुझ्या मायनं काय चोरलं म्हणून. सांगाचं असन तर तिथं येऊन सांगा."

तिचा आवाज चढलेला नव्हता. ती पिशवी उचलून चालू लागली.

रात्रभर श्यामरावांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. माणूस पाठवता येईल, पंचायतीत दोन शब्द बोलता येतील. ललिताबाईनं सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "गेले तवा जीपनं गेले होते ना? आता पायदळ जा."

शनिवारी अर्ध्या दिवसानं सुट्टी झाल्यावर, बारा वाजता, श्यामराव त्या आळीत शिरले. तीच वेळ, तेच ऊन. त्यांना बघितल्याबरोबर दारं उघडली. मुलं खेळ टाकून भिंतीशी सरकली. कोणीतरी म्हणालं, पोलीस आला. बेबीबाई ओट्यावर बसली होती. ती उठली नाही, आणि बसा म्हणाली नाही.

श्यामराव अंगणाच्या मधोमध उभे राहिले.  लाजेनं त्यांची मान वर होत नव्हती. तरी ते बोलले. दागिने नव्हतेच. बेबीबाईनं काही घेतलं नाही. वहीत तिनं खरं लिहिलं होतं, ते आपण वाचलं नाही. तिच्या बापाचं नाव आठवलं आणि आपण जीप काढली. तो बापही निर्दोष होता. चूक आपली आहे.

 बेबीबाईचा मुलगा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. आता ती काहीतरी बोलेल, निदान जा म्हणेल, म्हणून श्यामराव उभे राहिले.

तेवढ्यात वळणावरून एक म्हातारी आली, डोक्यावर गवताचा भारा. गर्दी बघून ती थांबली. "काय झालं व बेबी? हे परत कायले आले?"

बेबीबाईनं श्यामरावांकडे पाहिलं.

"सांगा, जमादारसाहेब," ती म्हणाली. "इनं नाही ऐकलं."

श्यामरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.